कूडियाट्टम् : देवळांतून जगाच्या रंगभूमीवर

भासाचें 'प्रतिज्ञायौगंधरायण' हें नाटक महाराष्ट्रांतील संस्कृतप्रेमी घरांना अपरिचित नाहीं. त्याचा तिसरा अंक वाचून काढावयास फार तर अर्धा तास पुरतो. केरळांतील चाक्यार नटांच्या परंपरेंत मात्र याच एका अंकाचा प्रयोग ४१ दिवस चालत असे. त्यांतील विदूषक श्लोकाचा अर्थ मलयाळम् भाषेंत उलगडतो, त्यावरून कथा रचतो आणि समोर बसलेल्या मंडळींच्या दोषांवर बोट ठेवण्यासही कचरत नाहीं. इतर अंकांतून नट रंगमंचावर येतो, आपल्या पात्राची पूर्वकथा एकट्यानें अनेक रात्री अभिनयांतून सांगतो आणि मग शेवटीं सर्व पात्रें एकत्र येतात. या नाट्यप्रकाराचें नांव कूडियाट्टम्. दिवसांच्या मापानें चालणारी ही कला १९८० सालीं युरोपांत गेली, तेव्हां तिच्या वांट्याला संध्याकाळचे कांहीं तास आले. परंपरागत कलांना परदेशीं नेणाऱ्या महोत्सवांचें सामर्थ्य कोणतें आणि त्यांत धोका कोणता, हें समजून घेण्यास या एका उदाहरणाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

कूडियाट्टमाचें मूळ स्थान म्हणजे देवळाच्या आवारांतील कूत्तंबलम्. त्रिचूरचें वडक्कुन्नाथन् मंदिर किंवा इरिंजालकुडाचें कूडलमाणिक्यम् मंदिर येथें अशीं नाट्यगृहें आजही पाहावयास मिळतात. रंगमंचाच्या पुढें पितळेची उंच समई तेवत असते. मागें मिळावू नांवाचें मोठें तांब्याचें घटवाद्य असतें. चाक्यार अभिनय करतात, नंब्यार मिळावू वाजवितात आणि नंग्यार स्त्रिया स्त्रीभूमिका करून झांजेनें तालही धरतात. ही विभागणी कुळपरंपरेची होती. प्रेक्षक म्हणजे देवळांत प्रवेश असलेलीं उच्चवर्णीय माणसें. इतरांना दार बंद. कलेचें पोषण देवस्थानच्या जमिनींवर होत असे. पुढें देवस्थानांचें वैभव ओसरत गेलें, १९७० पासून जमीनसुधारणांचा कायदा अमलांत आला, आणि त्या पोषणाचा आधारच सुटला. ज्या भिंतींनीं ही कला शतकानुशतकें जपली, त्याच भिंतींत ती गुदमरून जाण्याची वेळ आली.

या भिंतींबाहेर पहिलें पाऊल टाकलें तें कलावंतांनींच. १९४९ सालीं माणी माधव चाक्यार यांचें कूत्तू आकाशवाणीवरून ऐकविलें गेलें. पैंकुळम् राम चाक्यार यांनीं त्याच वर्षीं देवळाबाहेर प्रयोग करण्याचें धाडस केलें व त्यासाठीं स्वजनांचा विरोध पत्करला. १९६२ सालीं डॉ. वे. राघवन् यांच्या निमंत्रणावरून माणी माधव चाक्यार मद्रासेस गेले आणि केरळाबाहेरील विद्वानांनीं हें नाट्य प्रथमच प्रत्यक्ष पाहिलें. १९६५ मध्यें केरळ कलामंडलम् या संस्थेनें कूडियाट्टमाचा स्वतंत्र वर्ग उघडला व त्याचें गुरुपद राम चाक्यारांकडे सोंपविलें. तेथें चाक्यार कुळाबाहेरचे शिवन् नंबूदिरी शिकले. नंग्यार कुळाबाहेरील गिरिजा या विद्यार्थिनीनेंही तेथेंच विद्या संपादन केली. परदेशगमनाच्या आधीं घरचें दार उघडलें गेलें होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

इकडे युरोपांतही दारें उघडत होतीं. दुसऱ्या महायुद्धानें होरपळलेल्या त्या खंडांत १९४७ सालीं एडिंबरो आणि आव्हिन्यों या दोन नगरांत महोत्सव सुरू झाले. राष्ट्रांनीं एकमेकांना रणांगणाऐवजीं रंगभूमीवर भेटावें, ही त्या काळाची भूक होती. १९५४ सालीं व्हेनिसला जपानचें नो नाट्य पोहोंचलें; १९५५ सालीं पॅरिसच्या नाट्यमहोत्सवांत पेकिंगच्या संगीतनाट्यानें प्रेक्षकांना थक्क केलें. पूर्वेकडील नाट्य म्हणजे प्रदर्शनांतील नवल नव्हे, ती शास्त्रशुद्ध व पूर्ण विकसित कला आहे, ही जाणीव तिकडील रसिकांत अशा प्रसंगांनीं रुजत गेली.

परंतु महोत्सवाचें व्यासपीठ मिळालें म्हणजे काम संपत नाहीं. कलेला नवख्या प्रेक्षकापर्यंत पोहोंचविणारा दुवा लागतो. मिलेना साल्विनी या फ्रेंच विदुषीनें केरळांत राहून कथकळीचें शिक्षण घेतलें होतें. १९६७ सालीं कलामंडलम्‌चा कथकळी संघ युरोपांत नेण्यांत आणि पुढें १९८० सालीं कूडियाट्टमाचा संघ नेण्यांत तिनें पुढाकार घेतला. कोणता प्रसंग निवडावा, तो किती आटोपावा, प्रेक्षकाच्या हातीं कोणतें टिपण द्यावें, हें ठरविण्यास कला आंतून ओळखणारी व्यक्तीच हवी. त्या दौऱ्याचे नायक राम चाक्यार त्याच वर्षीं निवर्तले. देवळाबाहेर पाऊल टाकल्याबद्दल ज्याला दूषणें ऐकावीं लागलीं, त्याच नटानें आपल्या कलेला समुद्रापलीकडे मान मिळालेला पाहून डोळे मिटले.

मराठी रसिकांना हें वर्ष आणखी एका कारणानें ठाऊक आहे. १९८० सालींच पुण्याच्या थिएटर ॲकॅडेमीनें 'घाशीराम कोतवाल' युरोपांत नेलें. तें नवें नाटक. परंतु त्याची घडण कोंकणांतील खेळे व दशावतार यांच्या वळणाची. माणसांची रांग हाच पडदा होई, हीच भिंत होई. शब्द न कळले तरी ताल, पावलें आणि रचना कळतात, आणि परभाषी प्रेक्षक पहिल्यानें त्यांच्याच आधारानें नाटकांत शिरतो.

आतां धोक्याकडे वळूं. कूडियाट्टमाचा प्राण नटाच्या डोळ्यांत असतो. बुबुळांच्या हालचालींनीं पर्वत उभा करावयाचा, ज्योतीवर झेपावणाऱ्या पतंगाचें मरण दाखवावयाचें, हें समईच्या उजेडांत आणि जवळ बसलेल्या प्रेक्षकालाच दिसतें. हजार खुर्च्यांच्या दिवाणखान्यांत, विजेच्या झगझगाटांत, मागच्या रांगेला दिसतो तो केवळ रंगविलेला चेहरा व मोठा मुकुट. वेळेची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. दोन तासांसाठीं निवडलेला वेंचा वारंवार यशस्वी होतो, निमंत्रणें त्यासाठींच येतात, आणि शिष्य तेवढाच शिकूं लागतात. उरलेले अंक गुरूंबरोबरच लुप्त होण्याची भीति असते. प्रवासाच्या पेटींत मावेल तेवढीच कला शिल्लक राहिली, तर महोत्सवानें तिला कीर्ति दिली पण आयुष्य दिलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

दुसऱ्या बाजूस, कीर्तीचें फळ घरीं परत आलें तर तिचें मोल मोठें आहे. २००१ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशांतील १९ श्रेष्ठ कलांची व परंपरांची पहिली यादी घोषित केली, तींत कूडियाट्टमाचें नांव होतें. २००७ मध्यें संगीत नाटक अकादमीनें तिरुवनंतपुरम् येथें कूडियाट्टम् केंद्र स्थापन केलें. २००८ मध्यें युनेस्कोच्या प्रातिनिधिक सूचींत या कलेचा समावेश झाला. परदेशींच्या रंगमंचांवर तिनें मिळविलेली ओळख या मान्यतेच्या पाठीशीं होती. असा मान मिळाला कीं शासनाला व संस्थांना शिष्यवृत्त्यांची निकड पटविणें सोपें जातें, आणि ज्या मुलाला वर्षानुवर्षें पहाटे उठून डोळ्यांचा व्यायाम करावयाचा असतो, त्याच्या आईबापांनाही या विद्येवर पोट भरेल असा थोडा तरी धीर येतो.

म्हणून महोत्सव किती देशांत झाले, किती टाळ्या पडल्या, यावरून त्यांचा हिशेब मांडूं नये. संघ परत आल्यावर गुरूजवळ नवे शिष्य किती बसले, आणि ते वेंचा शिकत आहेत कीं संपूर्ण अंक, हें विचारावें. महोत्सव भरविणाऱ्यांनीं लहान सभागृह निवडावें, समईला समईच राहूं द्यावें, आणि दोन तासांच्या प्रयोगाच्या जोडीला एखादी तरी संपूर्ण रात्र राखून ठेवावी. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या हातींही कांहीं आहे. आपल्या गांवीं असा संघ आला, तर आदल्या दिवशीं घरांतील मुलांना त्या अंकाची कथा वाचून दाखवावी व शक्य तितकें पुढें बसावें. केरळच्या प्रवासांत एक मुक्काम त्रिचूरला किंवा इरिंजालकुडाला करून तेथील नाट्यगृह पाहावें, आणि प्रयोग असेल तर तो शेवटपर्यंत पाहावा. परदेशींच्या प्रेक्षकानें भाषा येत नसतांना दाखविली तेवढी चिकाटी, जिच्या भाषेंतील श्लोक आपल्या घरांत आजही म्हटले जातात त्या कलेसाठीं, येथील प्रेक्षकाला जड जाऊं नये.