घर बदलले, हुकूम तोच राहिला
(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि तिसरीच्या हजेरीपटावर एका मुलाच्या नावापुढे आठवडाभर गैरहजेरी लागते. चौकशी करता कळते की, आजोळी आईजवळ राहणारा हा मुलगा सुट्टीत वडिलांच्या गावी गेला, तो तेथेच राहिला. पुढे वडील दाखला मागावयास येतात. दुसऱ्या दिवशी आई येऊन दाखला देऊ नये म्हणून विनविते. खेड्यातील शिक्षकास हा प्रसंग अपरिचित नाही.

अशा मातापित्यांमध्ये न्यायालयाचा हुकूम पुष्कळदा आधीच झालेला असतो. मूल आईकडे राहील व वडील त्याच्या पोषणासाठी दरमहा ठरावीक रक्कम देतील, असे त्यात म्हटलेले असते. मूल आपल्या घरी आले, तेव्हा रक्कम देण्याचे कारण उरले नाही, अशी वडिलांची समजूत होते. ही समजूत चुकीची होय. मुलाने घर बदलल्याने हुकूम आपोआप बदलत नाही. तो न्यायालयाकडूनच बदलून घ्यावा लागतो. तोपर्यंत न दिलेली रक्कम थकबाकी म्हणून साचत जाते. उलटपक्षी, मूल वडिलांकडून आईकडे आले असेल, तर आईने नुसती वाट पाहून भागत नाही. अर्ज केल्यावाचून तिला नवी रक्कम मंजूर होत नाही.

हुकूम बदलून मिळतो, हेही तितकेच खरे आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २६ अन्वये मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे हुकूम न्यायालयास वेळोवेळी फिरविता येतात. दंडाधिकाऱ्याने ठरविलेली पोटगीदेखील परिस्थिती पालटल्याचे सिद्ध झाल्यास कमीअधिक होऊ शकते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे.

ताब्याचा निर्णय करताना मुलाचे कल्याण हीच श्रेष्ठ कसोटी मानावी, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची पसंती विचारात घेण्याची मुभा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने दिली आहे. परंतु पसंती आणि कल्याण या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. नव्या सायकलीच्या मोहाने धरलेले घर आणि मायेच्या ओढीने धरलेले घर यांतील भेद न्यायालयास पारखावा लागतो.

यात शिक्षकाचे कर्तव्य कोणते? पहिले, मुलाची शाळा तुटू न देणे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत प्रवेशासाठी लागणारा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावयाचा असतो. तो मिळण्यास विलंब झाला, या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश अडविता किंवा लांबविता येत नाही. मात्र दाखला दिल्याने ताबा कोणाचा हे ठरत नाही, ही गोष्ट दोन्ही पालकांस स्पष्ट सांगावी. वाद असल्यास हुकमाची प्रत मागून घ्यावी व केंद्रप्रमुखांस लेखी कळवावे.

दुसरे, नोंदी खऱ्या ठेवणे. मूल कोणत्या दिवसापर्यंत हजर होते, हे हजेरीपट सांगतो आणि उद्या न्यायालयात तोच पुरावा ठरू शकतो. कोणाच्याही भिडेखातर त्यातील एक खूणही बदलू नये.

तिसरे, योग्य वाट दाखविणे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांस मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते; तेथे जाण्यास सांगावे. गावच्या पारावर झालेला तोंडी समझोता हुकमाची जागा घेऊ शकत नाही.

आणि शेवटचे. 'तुला आई हवी की बाबा?' हा प्रश्न वर्गात कोणीही, थट्टेनेसुद्धा, त्या मुलास विचारू नये. त्याने कोणत्या घरी राहावे, हे न्यायालय ठरवील. वर्गात मात्र त्याचे पाटी-पुस्तक, त्याची जागा आणि त्याचा मान अबाधित राहावा, हे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे.