किल्ली कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, मी नांदेडची. माझी भाची इथं लातूरला शिकते. तिला स्कुटी शिकवली, त्याबद्दल बोलते.

ती सोळाव्या वर्षीच गाडी मागत होती. तेव्हा नाही म्हटलं. १६ व्या वर्षी कायदा ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवू देतो. घरोघरच्या स्कुट्या त्याहून मोठ्या, त्यांना १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, की पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दोन वर्षं पोरीनं अबोला धरला म्हणा ना!

अठरा झाल्यावर शिकाऊ परवाना काढला आणि गाडीला पुढं-मागं लाल 'एल' लावला. माझ्याकडं परवाना होता, म्हणून मी मागं बसले. मागच्या चाकाला जाळी असते ना, ती १९८९ च्या नियमांत सक्तीची केलेली आहे, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. पुढं बसणारीच्या ओढणीचं काय? ती आपणच गाठ मारून आत खोचायची. स्कार्फही इतका ओढायचा नाही की बाजूचं दिसणार नाही. आणि हेल्मेट दोघींनाही.

पहिले तीन दिवस इंजिन बंद. मैदानात गाडी नुसती ढकलायची आणि ब्रेक दाबायचा. चौथ्या दिवशी समोर कुत्रं आलं, मी मागून ओरडले, "अगं, थांब!" ती दचकली, मूठ आवळली, अॅक्सिलरेटर पिळला गेला आणि आम्ही दोघी लिंबाच्या बुंध्यावर! गुडघे माझे फुटले. चूक माझ्या ओरडण्याची होती. मग ठरवलं, बोलायचं नाही, खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की मूठ सैल, दोन्ही ब्रेक हळूहळू.

रस्त्यावर मात्र महिन्याभरानं नेलं. उसाच्या दिवसांत अहमदपूरकडं संध्याकाळी निघालात तर माहीत असेल, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि कित्येकींना मागं दिवाच नसतो. समोरच्या उजेडानं डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही. तिला सांगितलं, अंधारात जायचंच नाही, आणि दिवसाही पुढचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय ट्रॉली ओलांडायची नाही.

आता तिच्याकडं पक्का परवाना आहे. तिचा धाकटा भाऊ मात्र पंधराव्या वर्षीच बापाची मोटारसायकल घेऊन हिंडतो. दाजी म्हणतात, "पोरगा हाय, शिकंल आपोआप." माझी बहीण इथंच तिसऱ्या रांगेत बसली आहे. किल्ली कुठं ठेवायची, यावर काल रात्री आम्ही बाराला झोपलो, तरी ठरलं नाही.