जाण्याचें एक, येण्याचें एक

प्रवासाला निघालेल्या माणसाला मराठी घरांत ‘जातों’ असें म्हणूं देत नाहींत; ‘येतों’ असें म्हणावयास लावतात. निघण्यांतच परतणें गृहीत धरलेलें असतें. दूरच्या विमानप्रवासाच्या तिकिटाचाही पुष्कळ काळ हाच रिवाज होता. जाणें आणि येणें एकाच कागदावर. पण विमानकंपन्यांचे पॉइंट खर्चून प्रवास करणारे अनेक लोक आतां ही जोडी सोडवितात आणि दोन एकेरी तिकिटें स्वतंत्र काढतात. ही रीत केव्हां हिताची आणि केव्हां तोट्याची, याचा विचार करणें उपयुक्त ठरेल.

1981 च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें आपली पॉइंटांची योजना काढली आणि थोड्याच दिवसांत युनायटेडनें तिचा कित्ता गिरविला. प्रवास करावा, त्याबद्दल पॉइंट जमवावे आणि पुढें त्यांतून एखादी जागा मिळवावी, असा हा व्यवहार. मागाहून बँकांच्या क्रेडिट कार्डांवरही पॉइंट मिळूं लागले, आणि क्वचितच विमानांत बसणाऱ्या घरांतही त्यांची शिल्लक सांठूं लागली. मात्र अशा जागेला ‘फुकट’ म्हणणें ही चूक होय. पॉइंटांनीं सामान्यतः फिटतें तें मूळ भाडें. सरकारी कर, विमानतळाचें शुल्क आणि पुष्कळ कंपन्या लावतात तो अधिभार, हे बहुधा रोखीनेंच भरावे लागतात.

एक उदाहरण घ्यावें. पुण्यास राहणाऱ्या एका बाईंची मुलगी लंडनमध्यें आहे आणि तिचें पहिलें बाळंतपण जवळ आलें आहे. जांवयाच्या खात्यांत पॉइंट आहेत. तो फोनवर म्हणतो, “आई, तुमचें येण्याचें आणि परत जाण्याचें तिकीट एकदमच काढतों.” बाई म्हणतात, “येण्याचें काढा. पण परतीची तारीख कोणती सांगूं? बाळंतपण वेळेवर झालें तर एक, लांबलें तर दुसरी. आणि इकडे यांना मधुमेह. एकटे किती दिवस राहतील, तेंही पाहावयास हवें.”

या उत्तरांत साऱ्या प्रश्नाचें मर्म आहे. निघण्याचा दिवस ठरलेला आहे. परतण्याचा दिवस दोन घरांच्या गरजांमध्यें लोंबकळत आहे. अशा वेळीं वेगळीं तिकिटें सोयीचीं पडतात. रोख पैशांनीं दूरचें एकेरी तिकीट काढलें, तर तें कित्येकदां जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरेंच महाग पडतें; पण अनेक योजनांत पॉइंटांचा हिशेब एकेरी प्रवासाला निम्माच असतो. शिवाय पॉइंटांच्या जागा मोजक्या असतात. ब्रिटिश एअरवेज त्या 355 दिवस आधीं खुल्या करते. तेव्हां जाण्याची जागा खुली होते त्या दिवशीं, कित्येक आठवड्यांनंतरच्या परतीची जागा खुली झालेलीच नसते. थांबावें तर जाण्याची जागा हातची जाते. आणखी एक गोष्ट. एकाच तिकिटावरील जाण्याचा प्रवास न कळवितां चुकविला, तर कंपनी सामान्यतः परतीचा प्रवासही रद्द करते. तिकिटें वेगळीं असलीं म्हणजे एकाचें संकट दुसऱ्यावर कोसळत नाहीं.

दोन तिकिटें निरनिराळीं मांडलीं म्हणजे हेंही ध्यानांत येतें कीं, दोन्ही दिशांचा रोखीचा भार सारखा नसतो. ब्रिटनमध्यें 1994 पासून विमानप्रवाशांवर एक कर आहे. तो त्या देशांतून उड्डाण करणाऱ्यावर बसतो, येणाऱ्यावर नाहीं. लंडनहून भारतास सर्वांत खालच्या वर्गानें निघणाऱ्यास 1 एप्रिल 2025 पासूनच्या वर्षांत हा कर 90 पौंड होता, आणि वरच्या वर्गांस 216 पौंड. म्हणजे या बाई मुंबईहून निघतील तेव्हां हा कर नाहीं, पण लंडनहून परततांना आहे. पॉइंट कितीही असोत, तो चुकत नाहीं. म्हणून जांवयानें केवळ पॉइंटांची संख्या न पाहतां, प्रत्येक दिशेस रोख किती भरावी लागेल आणि तितक्या रकमेंत साधें तिकीट मिळतें कीं काय, हें ताडून पाहावें.

आतां दुसरी बाजू. दोन तिकिटें म्हणजे दोन करार. बेत फिरला तर रद्द करण्याचें शुल्क दोनदां भरावें लागतें. तिकिटें निरनिराळ्या कंपन्यांचीं असलीं, तर एकीच्या गोंधळाची जबाबदारी दुसरी घेत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें असें कीं, केवळ जाण्याचें तिकीट घेऊन निघालेल्या पाहुण्यास परतीचा बेत विचारला जाऊं शकतो. ब्रिटनमध्यें पाहुण्यास साधारणपणें सहा महिन्यांपर्यंत राहतां येतें. पण तो परत जाईल अशी तेथील अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. साठी उलटलेल्या, इंग्रजी बेताचें जाणणाऱ्या बाईला त्या खिडकीपुढें एकटें उभें करून, “परतीचें मागाहून पाहूं” एवढेंच उत्तर तिच्या हातीं देणें शहाणपणाचें नव्हे.

तेव्हां मधला मार्ग असा. जाण्याची जागा मिळतांच ती पॉइंटांवर घ्यावी. पुढें परतीच्या जागा खुल्या झाल्या कीं अंदाजानें एक दिवस धरून, निघण्यापूर्वींच दुसरें तिकीटही काढावें. मात्र दिवस बदलण्यास अगर रद्द करण्यास किती शुल्क पडेल आणि पॉइंट परत मिळतात कीं नाहीं, हें आधीं वाचून घ्यावें. दोन्ही तिकिटांवरील नांव पासपोर्टाशीं अक्षरशः जुळवावें आणि दोन्ही कागद एकत्र ठेवावे. बाळंतपण लांबलें, तर फक्त परतीचा दिवस हलवावा लागेल. पुण्यास यजमानांची प्रकृति बिघडली, तरीही तेवढेंच. मात्र नव्या दिवशीं पॉइंटांची जागा मिळेलच असें नाहीं. म्हणून गरजेपुरती रोख रक्कम हाताशीं ठेवणें हाच खरा विमा होय.

या हिशेबांत वांचतील ते पैसे थोडे असतील किंवा बरे असतील. पण मुलीच्या घरीं गरज असेतों राहतां यावें, आणि आपल्या घरीं गरज पडतांच निघतां यावें, एवढी मोकळीक त्या बाईंना लाभली, तर दोन तिकिटांची यातायात सार्थकीं लागली असें म्हणावें. मुंबईच्या विमानतळावर यजमानांना त्या ‘येतें’ म्हणतील, तेव्हां त्या शब्दाचा आधार त्यांच्या पिशवींतच असेल.