रपट्यापलीकडची बेटे

भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतून आलेल्या भूगोल अध्यापक मित्रांनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'शालेय भूगोल अध्यापनाचा आढावा' असा छापला आहे. नवी पाठ्यपुस्तके, नकाशांविना चाललेले वर्ग, भूगोलाच्या तासिका ज्याला तास कमी पडतात त्याच्या गळ्यात मारण्याची रीत, या सगळ्यावर बोलायला हवे हे मला मान्य आहे. वेळ उरला तर बोलेन. पण गेली कित्येक वर्षे एक गोष्ट मनात साचली आहे आणि असे व्यासपीठ पुन्हा मिळेल याची खात्री नाही. आपण चक्रीवादळ शिकवतो ते किनाऱ्याचे, आणि बेट शिकवतो ते समुद्रातले. या दोन्ही सवयींची किंमत वैनगंगेच्या काठावरची गावे मोजत आली आहेत.

2020 हे एकच साल घ्या. 20 मे रोजी 'अम्फान' सुंदरबनावर आदळले. 3 जूनला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णैच्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. दोन्ही वादळांची आज नावानिशी आठवण आहे, आणि ती असायलाच हवी. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरावर तयार झालेले कमी दाबाचे एक क्षेत्र मध्य प्रदेशावर सरकले. शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडे धो धो पाऊस पडला, भीमगडच्या संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले आणि महिनाअखेर वैनगंगेने भंडारा शहराच्या सखल वस्त्यांपासून खाली ब्रह्मपुरी, वडसापर्यंतचा काठ बुडवला. त्या प्रणालीला नाव नव्हते. आज विद्यार्थ्याला 'निसर्ग' विचारा, तो सांगेल. आपल्या जिल्ह्यातला पूर कुठून आला असे विचारले तर 'धरणाचे पाणी सोडले' इतकेच उत्तर येईल. ते चुकीचे नाही, पण अर्धे आहे, आणि अर्ध्यावर थांबायला आपणच त्याला शिकवले आहे.

नाव मिळते ते वाऱ्याला. प्रणालीतला वारा ताशी 62 किलोमीटरपर्यंत पोचला की ती चक्रीवादळ ठरते आणि यादीतले पुढचे नाव तिला लागते. त्याखाली ती अवदाब, त्याहूनही खाली नुसते कमी दाबाचे क्षेत्र. जहाजांसाठी आणि बंदरांसाठी ही मोजणी रास्त आहे, कारण त्यांचे नुकसान वारा करतो. आपले नुकसान पाणी करते, आणि पाण्याचे वाऱ्याशी असे सरळ प्रमाण नसते. 2021 चे 'गुलाब' पाहा. 26 सप्टेंबरला ते कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, जमिनीवर येताच क्षीण झाले आणि वादळांच्या पंक्तीतून उठले. पुढे तेच अवशेष तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडत गेले. मराठवाड्यातल्या नद्या फुगल्या, सोयाबीन पाण्यात गेले. मग तेच अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले, 'शाहीन' झाले आणि 3 ऑक्टोबरला ओमानला पोचले. पूर्व किनाऱ्यावर त्याला नाव होते, ओमानमध्ये नाव होते. मधल्या प्रवासात, म्हणजे आपल्या शेतांवर कोसळत असताना, ते निनावी होते. ज्या मोजपट्टीत असा खड्डा पडतो ती आपल्या कामाची मोजपट्टी नव्हे, एवढेच माझे म्हणणे.

यावर आपल्यातले जाणकार मला पटकन अडवतील. भंडाऱ्यापासून पूर्व किनारा पाचशेहून अधिक किलोमीटर. एवढ्या अंतरावरच्या पावसाला वादळाचा परिणाम म्हणायचे तर मोसमी पाऊस म्हणायचा कशाला? आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक पावसाळी सरीच्या मागे उपसागरातले वादळ शोधणे हा अतिरेक होईल, आणि जुलै-ऑगस्टमधल्या प्रणाली व ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली चक्रीवादळे यांची घडण वेगळी आहे हेही वर्गात सांगितलेच पाहिजे. पण त्यांची वाट आपल्यासाठी वेगळी राहत नाही. पावसाळ्यात उपसागराच्या उत्तर टोकाला जन्मलेले अवदाब ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असे वायव्येकडे सरकतात आणि वैनगंगेचे सारे वरचे खोरे त्या वाटेवर आहे. नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून वळते. वाघ, बावनथडी, सूर, पुढे आंभोऱ्याला कन्हान तिला मिळते. म्हणजे पाऊस परराज्यात, पूर आपल्याकडे. भंडाऱ्यात दिवसभर नुसती भुरभुर आणि रात्री घरात पाणी, हे कोडे फक्त त्यालाच पडते ज्याने नकाशावर नदीच्या खोऱ्यावरून कधी बोट फिरवलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक रागाने घेतला जातो: वादळ कसले, पूर धरणांनी आणला. संजय सरोवर वर, गोसीखुर्द खाली, मधे आपण. 22 एप्रिल 1988 ला गोसीखुर्दची पायाभरणी झाली तेव्हापासून फुगवट्याखाली गेलेल्या गावांचे दुःख या सभागृहात कोणाला सांगायला नको. धरणांची जबाबदारी मी एका शब्दानेही कमी करत नाही. फक्त एवढे विचारतो की दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे कशावरून ठरवायचे? वर किती पाऊस येणार त्यावरून. उपसागरावरच्या प्रणालीची चाहूल काही दिवस आधी लागते. भीमगडचे पाणी बालाघाट ओलांडून इथवर यायलाही वेळ लागतो. हा वेळ हाताशी असतो. तो वापरला जात नाही, कारण शिवनीतल्या सूचनेचे भंडाऱ्यात आणि भंडाऱ्यातल्या सूचनेचे गावात रूपांतर करणारे कोणी नाही.

इथे मी बेटांकडे येतो. खरेखुरे बेट आपल्या नदीत आहे: ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज, चारही बाजूंनी वैनगंगा. तिथे डोंगा हे रोजचे वाहन आहे आणि 2020 च्या पुराने त्या गावालाही सोडले नाही. पण लाडजकराला आपण बेटावर राहतो हे ठाऊक असते. पवनी, मोहाडी, लाखांदूरकडच्या काठावरच्या गावांना ते ठाऊक नसते. कारण वर्षभर तिथे एसटी जाते, दुधाची गाडी येते, मुले सायकलने शाळेत जातात. मग एका रात्री नाल्यावरचा रपटा बुडतो आणि गाव बेट होते. बाळंतीण तिकडे, दवाखाना इकडे. लक्षद्वीपचा माणूस बेटवासी म्हणूनच घर चालवतो; आपला माणूस तीन दिवसांचा बेटवासी आणि त्या तीन दिवसांची काडीचीही तयारी नाही. डोंगे होते ते ढिवरांकडे, आणि पूल झाले तसे तेही कमी झाले.

अशा गावाला इशारा कसा मिळतो? भंडाऱ्याशेजारी कारध्याला नदी अमुक मीटरवर. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी 245.5 मीटर. हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे! ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याला आपण समुद्रापासून मोजलेला आकडा देतो आणि वर म्हणतो, लोक ऐकत नाहीत. 12 नोव्हेंबर 1970 ला आजच्या बांगलादेशातल्या भोला बेटावर आणि भोवतालच्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, लाखो माणसे गेली, तेव्हाही इशारा दिला गेला होता. त्यातून किती मोठे संकट येत आहे ते लोकांना कळले नव्हते. 1972 पासून तिथे गावोगावचे स्वयंसेवक कर्णे आणि झेंडे घेऊन दारोदार जाऊ लागले. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. 3 मे 2019 ला 'फनी' आले तेव्हा सुमारे बारा लाखांना आधी हलवले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. दोन वादळे सारखी नव्हती, हे खरे. पण मृत्यूंतला एवढा फरक वाऱ्याच्या वेगातून निघत नाही.

पुराचे एवढे बोललो, पण ऑक्टोबरनंतरच्या वादळांचा वार वेगळा असतो आणि तो मोजणीत अजिबात सापडत नाही. धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असतात. किनाऱ्यावर वादळ येते, इथे दोन दिवस रिमझिम लागते. कडपा खालून भिजतात, लोंबीतल्या दाण्याला कोंब फुटतो, तणस काळे पडते. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. इथे वीसही भरत नाहीत. शासनाने 2023 मध्ये सततच्या पावसालाही आपत्ती मानले, ते चांगले झाले. तरी निकषाचा भर पाऊस किती पडला यावरच राहतो. तो पडला तेव्हा धान उभे होते, आडवे होते की पुंजण्यात होते, हे विचारत नाही.

आता काम. प्रत्येक शाळेने आपल्या गावाच्या वाटेवरचा रपटा किंवा पूल निवडावा, कारध्याच्या पातळीशी त्याचा मेळ घालावा आणि पातळी कुठे आली की वाट बंद होते, ते शाळेच्या भिंतीवर रंगवावे. पातळी 'अमुक मीटर' न लिहिता 'रपटा बंद व्हायला इतके तास' असे लिहावे. काही म्हणतील हे पाटबंधारे विभागाचे काम. असेल, पण त्यांच्याकडे प्रत्येक गावात माणूस नाही, आपल्याकडे आहे. रंगाचा खर्च कोणी करायचा, नोंदी कोणी तपासायच्या, बालाघाट-शिवनीच्या शिक्षकांशी कोणी बोलायचे, हे मी ठरवलेले नाही. दुपारच्या कार्यकारिणीने पाहावे. सुरुवात पवनी आणि मोहाडीपासून करावी अशी माझी सूचना आहे. पाठ्यपुस्तकांचा आढावा राहिलाच. त्याची टिपणे मी चिटणिसांकडे देतो, ती अहवालात छापावीत.