घरचा संच आणि आकाशांतील लिपि



घरांत दूरचित्रवाणीचा संच आहे, गच्चीवर एरियल आहे, मनोऱ्यावरून लहरीहि येत आहेत. तरी पडद्यावर चित्र नाहीं! २९ मार्च २०१७ रोजीं जर्मनीच्या मोठ्या शहरांतून जुनी प्रक्षेपणपद्धति बंद झाली, आणि एरियलवर अवलंबून असलेल्या ज्या घरांनीं नवा ग्राहक घेतला नव्हता, त्यांची हीच अवस्था झाली.

असें कां व्हावें? अंकीय प्रक्षेपणांत चित्रावर दोन संस्कार होतात. प्रथम त्यांतील पुनरुक्ति गाळून संक्षेप करतात. मग तो संक्षेप ठराविक रीतीनें लहरींवर चढवितात. चढविण्याची जुनी युरोपीय रीति म्हणजे डीव्हीबी-टी. २००९ सालीं प्रमाणित झालेली टी-२ तेवढ्याच लहरीपट्ट्यांत अधिक मजकूर वाहते. परंतु जुन्या संचाला ती उमगत नाहीं.

येथेंच फसगत संभवते. ब्रिटननें २०१० सालीं टी-२ बरोबर एच.२६४ हा संक्षेप योजिला, जर्मनीनें एच.२६५ पत्करला. म्हणून केवळ पहिला संक्षेप जाणणारा टी-२ संच जर्मनींत लहरी पकडील, पण चित्र उलगडणार नाहीं. अक्षरें लागलीं, अर्थ लागला नाहीं!

तेव्हां संच घेतांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रीति कोणती आणि संक्षेप कोणता? जोडणीची सोय असल्यास जुना संचहि टाकूं नये. दोन्ही जाणणारी लहानशी पेटी त्याला पुनः बोलका करते.