सामाईक कायदा



‘कॉमन लॉ’चे भाषांतर ‘सामान्य कायदा’ असे केले की घोटाळा होतो. गावची विहीर जशी सर्वांना सामाईक, तसा साऱ्या राज्याला सामाईक असलेला कायदा, हा त्याचा मूळ अर्थ होय.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा तेथे परगण्यागणिक रूढी निराळ्या होत्या. पुढे दुसऱ्या हेन्रीने (११५४–११८९) राजाचे न्यायाधीश फिरतीवर पाठविण्याची पद्धत पक्की केली. ते ठिकठिकाणी तक्रारी ऐकत, स्थानिक माणसांना शपथेवर विचारीत आणि निवाडे देत. त्या निवाड्यांतून हळूहळू सर्व राज्याला एक कायदा लाभला. सारख्या प्रकरणाला सारखा न्याय, हे त्याचे सूत्र. या सूत्राने राजासही मर्यादा पडली. खटल्याचा निकाल राजाने स्वतः द्यावयाचा नसतो, असे सर एडवर्ड कोक यांनी १६०७ साली पहिल्या जेम्सला बजावले.

इंग्रजी अमलाबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे आपल्या संविधानाचा १४१ वा अनुच्छेद सांगतो.

मग जुन्या निवाड्यांनी आजच्या माणसाला जखडून ठेवावे काय, असे आम्हांस कोणी विचारील. त्याचे उत्तर एका खटल्यातच आहे. धोक्याची वस्तू आपल्या जागेत साठविली आणि ती बाहेर पडून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर साठविणारा जबाबदार, असा निवाडा इंग्लंडात १८६८ साली कायम झाला. त्याला काही अपवाद होते. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीतील एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. भोपाळची जखम तेव्हा ताजीच होती. धोकादायक कारखान्यांना हे अपवाद मिळणार नाहीत, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने १९८६ साली ठरविले. जुना निवाडा त्यांनी डावलला तो कारणे देऊन, आणि तीच कारणे पुढच्यांना वाट दाखवीत राहिली.

म्हणून कोणताही निवाडा वाचताना कोण जिंकले एवढेच आपण पाहू नये. कारणे कोणती दिली, तेही विचारावे. उद्या आपल्या दाव्यात तीच उपयोगी पडावयाची आहेत. सामाईक विहिरीचा गाळ वेळोवेळी काढावा लागतो, आणि ती राखण्याचे काम गावालाच करावे लागते.