विद्येचे दार आणि घरभाड्याचा उंबरठा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शिक्षणासाठी साहाय्य म्हटले की आपल्यासमोर शुल्क आणि पुस्तके येतात. आज मी तिसऱ्या खर्चाविषयी, म्हणजे घरभाड्याविषयी बोलणार आहे. उदाहरण पुण्यातील कोथरूड-कर्वेनगरचे घेतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. तेच हिंगणे आजचे कर्वेनगर. विद्यार्थिनीला आधी निवारा, मग धडा, हा क्रम त्यांनी ओळखला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले, त्यामागेही हीच दृष्टी होती. पुढे १९८३ मध्ये कोथरूडला एमआयटी आणि १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थी वाढले, त्या प्रमाणात वसतिगृहे वाढली नाहीत. उरलेली मुले सदनिकांत, पेइंग गेस्ट म्हणून किंवा कॉट बेसिसवर राहू लागली.

अलीकडे जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. इमारत पाडल्यावर तेथील कुटुंबेही जवळच भाड्याचे घर शोधतात. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाल्याने परिसराची ओढ आणखी वाढली. मागणी अशी दुहेरी झाल्यावर भाडे चढणारच.

आता हिशेब पाहू. समजा, चार मुलींनी मिळून २४,००० रुपये भाड्याची सदनिका घेतली. मासिक वाटा ६,००० रुपये. तीन महिन्यांचे डिपॉझिट ७२,०००, म्हणजे प्रत्येकी १८,००० रुपये. एजंटाची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, प्रत्येकी ६,००० रुपये. अर्थात, गादी, बादली आणि मेसचे पैसे देण्यापूर्वीच पहिल्या दिवशी प्रत्येकीला ३०,००० रुपये मोजावे लागतात. महिन्याचे ६,००० एखादे शेतकरी कुटुंब ओढाताण करून पाठवील. एकरकमी ३०,००० मात्र त्याला कर्जाशिवाय उभे करता येत नाहीत. प्रवेश मिळूनही मुलगी घरी राहते, ती या उंबरठ्यावर अडखळून.

या सभेत घरमालक बंधू अनेक आहेत, म्हणून कायद्याचे दोन शब्द. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. वरील उदाहरणात मुद्रांक शुल्क ७०० रुपयांच्या आसपास आणि महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये येते. एवढ्याशा खर्चात दोन्ही पक्ष निर्धास्त होतात.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. २००१ पासून शासनाचा तसा आदेश आहे. जादा आकारणी शेवटी विद्यार्थ्याच्याच भाड्यात मिसळते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित ठेवले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. परंतु चांगली मर्यादा पाळण्यासाठी सक्तीची वाट कशाला पाहावी?

विश्वस्त मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. भाडे खर्च होते, डिपॉझिट मात्र परत येते. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण बिनव्याजी डिपॉझिट निधी उभारावा. १८,००० रुपयांची रक्कम संस्थेने करारात नोंदवून थेट मालकाकडे ठेवावी व करार संपताच परत घ्यावी. तीच रक्कम पुढील वर्षी दुसऱ्या मुलीच्या उपयोगी पडेल. एक लाख ऐंशी हजारांत दरवर्षी दहा मुलींची सोय होईल आणि मूळ निधी टिकून राहील. जोडीला समाजातील ज्या मालकांकडे खोल्या आहेत त्यांची यादी संस्थेने ठेवावी, दलालीही वाचेल. घर ताब्यात देताना भिंती, नळ, पंखे यांची नोंद दोघांच्या सहीने करावी, म्हणजे डिपॉझिट परत करताना रंगरंगोटीवरून वाद होणार नाहीत.

मालकाने भाडे घेऊच नये, असे मी म्हणत नाही. अनेक ज्येष्ठांचा संसार त्याच उत्पन्नावर चालतो. भाडे वाजवी असावे, व्यवहार लेखी असावा आणि पहिल्या दिवसाचा भार समाजाने वाटून घ्यावा, एवढीच विनंती. आपल्या पूर्वजांनी धर्मशाळा व बोर्डिंगे बांधली. आज शहरात तेवढी जमीन मिळणे दुरापास्त आहे. पण भाड्याच्या घराचा उंबरठा उतरता करणे आपल्या हाती आहे.